नुसतं बघायची मुभा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमधल्या बहुतेक दुकानांची पायरी चढायची, तर खरेदी करायच्या तयारीनंच. मालावर किंमत नसे. दुकानदार गिऱ्हाईक बघून भाव सांगे आणि मग घासाघीस सुरू होई.

आरिस्तीद बुसिको १८५२ साली ‘ल बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाले आणि त्यांनी हा रिवाज मोडला. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी, सगळ्यांना एकच भाव, नापसंत माल परत आणि आत येऊन नुसतं बघायला पूर्ण मोकळीक. यातल्या काही गोष्टी इतरत्रही होत्या. बुसिकोंनी त्या एकत्र आणून मोठ्या प्रमाणावर राबवल्या. हिशेब सरळ होता: नफा थोडा, पण मालाला उठाव भरपूर. नाताळनंतर गिऱ्हाइकी थंडावते, म्हणून जानेवारीत चादरी, टेबलक्लॉथ असं पांढरं कापड स्वस्तात निघे.

१८६९मध्ये लोखंड आणि काचेच्या भव्य इमारतीचं काम सुरू झालं. बायकांची खरेदी होईपर्यंत पुरुषांना बसायला वाचनकक्षही होता. मध्यमवर्गीय स्त्रियांना घराबाहेर प्रतिष्ठेनं वावरता येईल अशी जागा मिळाली, अनेक तरुणींना नोकरी मिळाली. त्याची किंमतही होती. कामाचे लांबलचक तास आणि देशोधडीला लागलेले छोटे दुकानदार एमिल झोला यांनी १८८३च्या कादंबरीत उभे केले.

आज ठरलेला भाव आणि माल परत करायची सोय मोबाइलवरच मिळते. ब्रिटनमध्ये १७७८पासूनची परंपरा सांगणाऱ्या ‘डेबनहॅम्स’ या डिपार्टमेंट स्टोअर साखळीची शेवटची दुकानं २०२१मध्ये बंद झाली. पॅरिसचं ‘ला सामारितेन’ २००५पासून बंद होतं. तेही २०२१मध्येच उघडलं, पण दुकानासोबत हॉटेल, कार्यालयं, घरं आणि पाळणाघर घेऊन. ‘बाँ मार्शे’त २०१६ साली, त्याच थंड जानेवारीत, चिनी कलावंत आय वेवे यांच्या बांबू आणि रेशमी कागदाच्या कलाकृती टांगल्या गेल्या. तेव्हापासून दर वर्षाच्या सुरुवातीला नव्या कलावंताला बोलावायचा शिरस्ता पडला.

डिपार्टमेंट स्टोअरचा धंदा आता केवळ मालावर तगणार नाही. कापड हाताला कसं लागतं ते बघावं, जाणत्या विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत आणि काही न घेता ताठ मानेनं बाहेर पडावं, ही सोय पडद्यावर मिळत नाही. बुसिकोंनी दिलेली ही मुभा जी दुकानं जपतील, त्यांची शहराला गरज राहील.