मासेमारी नौकेसाठीं जीपीएस यंत्र आणि सागरी नकाशे

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकीं किनाऱ्यालगतच्या तालुक्यांतील कित्येकांचें उत्पन्न केवळ आंबा, नारळ व भात यांवर अवलंबून नसून एखाद्या यांत्रिक नौकेंतील भागीदारीवरही असतें. असे मालक बहुधा स्वतः समुद्रावर जात नाहींत. नौका तांडेलाच्या हातीं आणि यंत्राची खरेदी मालकाच्या हातीं, अशी वांटणी झालेली आहे. दुकानांतील पडद्याचा लखलखाट पाहून मालक जो निर्णय करतो, त्याचें फळ अंधाऱ्या रात्रीं खाडीच्या मुखाशीं खलाशांना भोगावें लागतें. पावसाळी बंदींत नौका वर ओढलेली असते व डागडुजीबरोबर नवीं यंत्रेंही याच दिवसांत बसविलीं जातात. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करणें अवश्य वाटतें.

ज्यास बाजारांत चार्टप्लॉटर म्हणतात त्यांत दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र केलेल्या असतात. एक, आपण कोठें आहों हें सांगणारें जीपीएस. दुसरी, त्या जागीं काय आहे हें सांगणारा नकाशा. मोजणीदाराची साखळी आणि गांवचा नकाशा यांत जो भेद, तोच येथेंही आहे. साखळी कितीही बिनचूक असली तरी नकाशा जुना असल्यास बांध भलत्याच शेतांतून जातो.

पैकीं पहिल्या वस्तूविषयीं फार चिंता करण्याचें कारण नाहीं. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अमेरिकन उपग्रहांचे संदेश घेऊन यंत्र आपलें स्थान काढतें. सन २००० च्या मे महिन्यापर्यंत तेथील सरकार मुलकी उपयोगासाठीं या संदेशांची अचूकता मुद्दाम कमी करीत असे. ती बंधनें उठल्यापासून उघड्या आकाशाखालीं साधें यंत्रही साधारणतः पांच-दहा मीटरांच्या आंतच स्थान सांगतें. तेव्हां ‘आमचें यंत्र इतरांहून अचूक’ या विक्रेत्याच्या बोलण्यास अधिक मोल देऊं नये. पैसा आणि लक्ष खर्च करावयाचें तें नकाशावर.

महसूल खात्याच्या नोकरींत जुन्या नकाशांशीं माझा बराच संबंध आला. तेहतीस फुटी साखळीनें मोजलेल्या शेताची हद्द कोणी भिंगाखालीं धरून वीतभर जमिनीचा तंटा करूं लागला, तर त्यास एवढेंच सांगावें लागे कीं, नकाशावरील रेघ मोजणीहून अधिक खरी असूं शकत नाहीं. सागरी नकाशाची गोष्ट हीच, पण येथें तंटा जिवाशीं आहे. १ : १,५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ समुद्रांत ७५ मीटर जागा व्यापते. कागदावर हें ध्यानांत राहतें, कारण कागद मोठा होत नाहीं. चार्टप्लॉटरवर मात्र बोटाच्या एका हालचालीनें तोच नकाशा वाटेल तेवढा मोठा करतां येतो, आणि खडकाच्या कडेनें नौका नेण्यास जागा आहे असा भास होतो. पडद्यावर चित्र मोठें झालें म्हणून समुद्राची मोजणी पुन्हां झाली असें होत नाहीं. चांगलीं यंत्रें अशा वेळीं ‘प्रमाणाबाहेर मोठें केलें आहे’ अशी सूचना देतात; ती सूचना आपलें यंत्र देतें किंवा नाहीं, हें दुकानांतच पाहून घ्यावें.

आपल्या किनाऱ्याची अधिकृत सागरी मोजणी नौदलाचा जलालेखन विभाग करतो व त्याचे कागदी आणि इलेक्ट्रॉनिक नकाशे देहरादून येथील कार्यालयांतून निघतात. खासगी कंपन्या जे नकाशे विकतात, त्यांचा आधारही पुष्कळ अंशीं अशाच सरकारी मोजण्या असतात. अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशांत प्रत्येक भागाच्या मोजणीस विश्वासार्हतेची प्रत लावलेली असते, आणि जमिनीच्या आकारणींतील प्रतवारी समजणाऱ्या वाचकांस ही पद्धत सहज समजेल. ‘ए-१’ प्रतीच्या भागांत दाखविलेल्या स्थानाची चूक पांच मीटरांच्या आंत, ‘बी’ प्रतींत पन्नास मीटरांच्या आंत, तर ‘सी’ प्रतींत ती पांचशे मीटरांपर्यंत असूं शकते. त्याखालीं ‘डी’ आहे, व ज्याची परीक्षाच झालेली नाहीं असा एक वर्गही आहे. स्थान पांच मीटरांत कळलें, पण खडकच पांचशे मीटर इकडे-तिकडे असला, तर त्या पांच मीटरांचा उपयोग काय? खरेदीपूर्वीं विक्रेत्यास आपलें नेहमीचें बंदर व खाडी पडद्यावर काढावयास सांगावें. तेथें खोलीचे आंकडे दाट आहेत कीं विरळ, नकाशाची आवृत्ति कोणत्या सालची आहे, पुढील दुरुस्त्या मिळतात काय व त्यांस निराळे पैसे पडतात काय, हें विचारावें. परदेशच्या किनाऱ्याचा नकाशा भरलेलीं, आणि आपल्या बाजूस नुसती ढोबळ किनाररेषा दाखविणारीं यंत्रेंही स्वस्तांत मिळतात. तीं स्वस्त कां, तें येथें कळतें.

नकाशा उत्तम असला तरी खाडीच्या मुखावरील वाळूचा दांडा दर पावसाळ्यांत आपली जागा बदलतो. बाणकोट, दाभोळ, जयगड, कोणतीही खाडी घ्या. मागच्या वर्षींची वाट यंदा राहीलच असें नाहीं. म्हणून हंगामाच्या आरंभीं दिवसाउजेडीं, भरतीच्या वेळीं, सावकाश आंत-बाहेर जाऊन आलेली वाट यंत्रांत नव्यानें नोंदवावी व जुनी पुसून टाकावी. जुनी वाट पडद्यावर तशीच ठेवणें म्हणजे रद्द झालेला फेरफार उताऱ्यावर राहूं देण्यासारखें आहे.

आतां आंकड्यांविषयीं. यंत्र बसविणारा माणूस निघून गेल्यावर तीन गोष्टी तांडेलासमक्ष तपासाव्या. पहिली, पृथ्वीच्या आकाराचा जो आधार यंत्र धरतें तो ‘डब्ल्यूजीएस ८४’ असावा. हिंदुस्थानांतील जुनी मोजणी एव्हरेस्टच्या आधारावर झालेली आहे. दोहोंची सरमिसळ झाल्यास आपल्या किनाऱ्यावर शंभर मीटरांहून अधिक अंतर पडतें. दुसरी, अंश-मिनिटें लिहिण्याची रीत. हर्णेजवळची एक जागा १७ अंश ४८.५० मिनिटें अशी सांगितली आणि यंत्रांत ती १७ अंश ४८ मिनिटें ५० सेकंद अशी घातली, तर काय होईल? अर्धें मिनिट म्हणजे तीस सेकंद. फरक पडला वीस सेकंदांचा. अक्षांशाचें एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात् १,८५२ मीटर. तेव्हां ही चूक ६१७ मीटरांची झाली. बुडालेल्या गलबताच्या सांगाड्यांत जाळें अडकावयास इतकी चूक पुरे आहे. एका बंदरांतील सर्व नौकांनीं एकच रीत ठरवून घेतल्यास बिनतारी यंत्रावर जागा सांगतांना घोटाळा होणार नाहीं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचे जे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध होतात, तेही याच दृष्टीनें तपासून भरावे.

तिसरी गोष्ट खोलीची. जुने तांडेल वावांत बोलतात. एक वाव म्हणजे सहा फूट, सुमारें १.८३ मीटर. पडद्यावर ३ मीटर असतांना तो आंकडा ३ वाव समजला गेला, तर जेथें साडेपांच मीटर पाणी मानलें तेथें तीनच निघतें. शिवाय नकाशावरील खोली ही नीच ओहोटीची असते, आणि ध्वनियंत्र दाखवितें ती त्या क्षणाची, तीही यंत्राच्या तळापासूनची. उधाणाच्या व भांगाच्या दिवसांत या दोहोंचा मेळ निरनिराळा बसतो.

ध्वनियंत्राचें नांव निघालें म्हणून सांगतों. खोल पाण्यासाठीं ५० किलोहर्ट्झ आणि उथळांतील बारकाव्यासाठीं २०० किलोहर्ट्झ, अशा दोन्ही लहरी असलेलें घ्यावें. नौका फायबरची व तळ भरीव असेल तर तें आंतून चिकटवितां येतें. लांकडी तळांतून मात्र ध्वनि नीट जात नाहीं, तेथें तळाला भोक पाडूनच बसवावें लागतें, आणि तें काम नौका वर असतांनाच करून घ्यावें.

बाकी यंत्राबद्दल थोडक्यांत. पडदा भर दुपारच्या उन्हांत वाचतां यावा व रात्रीं डोळे दिपणार नाहींत इतका मंद करतां यावा. ओल्या, मासळीच्या हातांनीं नुसता स्पर्शाचा पडदा दगा देतो, बटणें असलेलें बरें. नौकेची बॅटरी १२ व्होल्टची कीं २४ ची, हें पाहून घ्यावें आणि मध्यें फ्यूज असावा. होकायंत्रापासून यंत्र दूर बसवावें, नाहींतर सुई फिरते. मोबाईलवरील नकाशा जोडीला ठीक, पण उन्हानें तापून तो नेमका नको त्या वेळीं बंद पडतो.

यंत्रांत सांठविलेल्या खुणा ही नौकेची मिळकत आहे, असें माझें मत आहे. कोठें जाळें फाटलें, कोठें मासळी लागली, हें सर्व तांडेलाच्या डोक्यांत व यंत्राच्या पोटांत असतें. तांडेल दुसऱ्या नौकेवर गेला किंवा यंत्रांत पाणी शिरलें कीं वीस वर्षांची कमाई गेली. तांडेलाचें गुपित उघड करण्यास मालकानें भाग पाडूं नये, तो त्याचा हुन्नर आहे. पण धोक्याच्या जागा गुपित नव्हेत. त्यांची एक वही असावी व तींत तारीख, अक्षांश, रेखांश, खोली आणि शेरा असे पांच रकाने पाडावे.

गुजरातकडे जाणाऱ्या नौकांस आणखी एक सूचना. डहाणू-तलासरीकडील कित्येक आदिवासी कुटुंबांतले कर्ते पुरुष तेथील नौकांवर खलाशी म्हणून जातात, आणि पाण्यांतील हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून त्यांच्यांतील कांहींनीं पाकिस्तानच्या तुरुंगांत वर्षें काढलीं आहेत. सर क्रीकच्या मुखापाशीं उभय देशांची हद्द अद्याप ठरलेली नाहीं. म्हणून पडद्यावरील रेघेस चिकटून जाळें टाकणें वेडेपणाचें आहे. रेघेच्या कित्येक मैल अलीकडेच यंत्रांत धोक्याची घंटा लावून ठेवावी.

सरकारनें ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें आरंभ केलेल्या योजनेंत एक लाख नौकांवर संदेशवाहक यंत्र विनामूल्य बसवावयाचें ठरलें. तें चार्टप्लॉटरच्या जागीं नव्हे. संकटांत नौका कोठें आहे हें किनाऱ्यास कळविण्यासाठीं तें आहे. दोन्ही हवींत. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सुकाणूच्या खोलींत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. आणि १७ जुलै १९४७ रोजीं काश्याच्या खडकाजवळ ‘रामदास’ बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ती बोट रस्ता चुकून उलटली नव्हती. वाऱ्याची सूचना आल्यावर तांडेल नौका हाकारण्यास नाहीं म्हणाला, तर नवीन यंत्राचा दाखला देऊन मालकानें त्यास भरीस घालूं नये.