नौकानयन : आधी पोहणे, मग वल्हे



हुसेनसागरावरच्या शर्यती पाहून नौकानयन हा हातांचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात होडीतली बैठक रुळांवर सरकते आणि खरा जोर पायांचा लागतो. म्हणून मोसमाआधी धावणे, बैठका. आणि सर्वांत आधी पोहणे. ऑलिंपिक शर्यत २००० मीटरची, तीही अंतिम रेषेकडे पाठ करून!

पाण्याची भीती कोणाला नसते? नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांनाही होती. विहिरी खोदणारे दत्तू २०१२ मध्ये सैन्यात गेले, तेथे वल्हे धरले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते १३ वे आले, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळाले.

पालकहो, मुलांना काठावर रोखू नका; आधी पोहायला शिकवा.