काळ्या पाषाणाची माती कशी होते?

दगडाला पाझर फुटत नाही, असे आपण म्हणतो. पण विहीर खणणाऱ्याला विचारा. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कच्चा खडक आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण, हा क्रम त्याला पाठ असतो. हाच क्रम उलटा, म्हणजे तळापासून वर वाचला, तर दगडाची माती कशी होते याची सगळी हकीकत त्या एका विहिरीत सापडते.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली असलेल्या या काळ्या पाषाणाला भूशास्त्रात बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि थिजले. थिजताना दगड आकसला, आकसताना त्याला तडे गेले. पाण्याला आत शिरायला वाट मिळाली ती या तड्यांतून.

पावसाचे पाणी निव्वळ पाणी नसते. हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो. जमिनीत मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासोच्छ्वासाने त्यात आणखी भर पडते. तयार होते ते अगदी सौम्य आम्ल, सोडावॉटरच्या जातीचे. एका पावसाळ्यात त्याने काही बिघडत नाही. पण बेसाल्टमधली खनिजे हजार अंशांहून अधिक तापलेल्या रसातून घडलेली असतात. भूपृष्ठावरच्या थंड, ओल्या वातावरणात ती फार काळ तग धरत नाहीत. पाणी त्यांतले कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम थोडे थोडे काढून नेते. लोह मागे राहते आणि गंजते. मुरमाचा तांबूस-पिवळा रंग हा त्या गंजाचा. फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे तर रूपच पालटते, त्याची चिकणमाती होते.

उन्हातान्हाने दगड फुटतो, झाडाची मुळे फट रुंद करतात, हे शाळेत शिकलेले खरेच आहे. पण नुसत्या फुटण्याने दगडाची खडी होईल, फार तर भुगा होईल. माती होण्यासाठी खनिजच बदलावे लागते आणि ते काम पाण्याचे. घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोटे दिसतात. चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी चढाई करते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि आतला टणक गाभा गोल उरतो. उघड्या कातळावर हेच काम शेवाळ आणि दगडफूल आपापल्या आम्लांनी करीत असतात. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल त्यांच्याच भाऊबंदांपैकी!

आता गंमत अशी, की दगड एकच असूनही माती एक होत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत फलटणकडे तो जेमतेम पाचशेवर येतो. देशावरच्या कमी पावसात दगडातून सुटलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम पूर्ण वाहून जात नाही. त्यांच्या सान्निध्यात जी चिकणमाती बनते तिचे पापुद्रे पाणी मिळाले की फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. वरची माती भेगेत पडते, पावसात खालची फुगून वर रेटली जाते आणि जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. अशा जमिनीवर पाया उथळ घेतला की भिंतींना तडे जातात, हे वेगळे सांगायला नको.

गावाच्या वस्तीला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. पण काळी म्हणजे खताने भरलेली, हा समज मात्र बरोबर नाही. या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो. तो चिकणमातीशी घट्ट बांधला गेल्यामुळे थोडा असूनही रंग गडद दिसतो.

धो धो पाऊस आणि सततची उष्णता असली की लाखो वर्षांत जवळजवळ सगळेच धुऊन जाते. चुना जातो, सिलिकासुद्धा बरीचशी जाते. उरतात लोह आणि ॲल्युमिनियम. हाच कोकणातला जांभा. ओला असताना तो कापता येतो, हवेवर टणक होतो, म्हणून घरांना त्याचे चिरे. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातील अंगडीपुरमच्या अशाच दगडाला विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. पाचगणीचे टेबललँड म्हणजे या जांभ्याचेच टोपण. ते मात्र काही आजच्या पावसाने झालेले नाही, फार जुन्या काळचे आहे. रत्नागिरीकडे अशा कातळावर सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरून माती आणून आंब्याची कलमे लावतात. माती विकत घ्यावी लागली की तिची किंमत कळते.

देशावर ती फुकट मिळालेली असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. एक सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो, कुठे हजारो वर्षे लागतात. माळावर तर ती मुळातच वीत-दीड वीत. कारण उताराची माती हजारो वर्षे ओढ्याकाठी उतरत आलेली आहे. अशा रानात सपाटीकरणासाठी यंत्र घातले की उंच बाजूची माती खरवडून सखल बाजूला लोटली जाते आणि निम्म्या शेतात नुसता मुरूम उघडा पडतो. शेततळ्यातून निघालेला मुरूम शेतावर पसरला तरी तेच. मुरमात पाणी ठरत नाही, स्फुरद आणि नत्र पिकाला पुरत नाही, आणि पुढची कित्येक वर्षे गाडीगाडीने शेणखत नाहीतर तलावातला गाळ ओढावा लागतो.

यावर उपाय साधा आहे. वरची वीतभर माती आधी खरवडून बांधाकडेला ढीग करून ठेवावी, मग खालचा मुरूम हवा तसा सारखा करावा आणि शेवटी तीच माती पुन्हा सगळीकडे अंथरावी. यंत्राचे भाडे काही तासांनी वाढते. सौदा ठरवताना हे तास आधीच धरून बोलणी करावीत, कारण एकदा माती आणि मुरूम एकत्र कालवले गेले की कोणत्याही यंत्राला ते वेगळे करता येत नाहीत.