तान्ह्या मुलाची निराळी खोली : कारंजा (घाडगे) परिसराच्या संदर्भात

तान्ह्या मुलास आईबापांच्या खोलीतून स्वतःच्या खोलीत केव्हा हलवावे, हा प्रश्न पाश्चात्त्य बालसंगोपनाच्या ग्रंथांत वारंवार येतो व तेथून तो संशोधकांच्या प्रश्नावल्यांत उतरतो. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) सारख्या तालुक्याच्या गावी तो जसाच्या तसा विचारता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात कर्तव्य आहे.

प्रथम वैद्यकाचे म्हणणे पाहू. झोपेत अकस्मात होणाऱ्या अर्भकमृत्यूंचे प्रमाण दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक असते आणि बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आत घडतात. म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली असा सल्ला दिला की, निदान पहिले सहा महिने मूल आईबापांच्याच खोलीत, परंतु निराळ्या, सपाट व टणक अंथरुणावर उताणे निजवावे. २०१६ साली हीच मुदत शक्यतो वर्षभर सांगितली होती. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका अभ्यासात असे आढळले की, लवकर वेगळी झोपू लागलेली मुले नवव्या महिन्यात रात्री सुमारे ४० मिनिटे अधिक झोपतात. मतभेद आहे तो मुदतीविषयी. निराळ्या अंथरुणाविषयी अकादमीच्या सल्ल्यात फरक पडलेला नाही.

या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे घरातील रिकामी खोली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर असून त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. बरे, नागपूर-अमरावती महामार्गावरील या गावी संत्राबागायतदाराचे प्रशस्त घर घेतले, तरी वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकला की ज्या खोलीत कुलर, त्याच खोलीत सारे घर निजते. येथे शयनव्यवस्था वास्तुरचनेपेक्षा ऋतुमानावर अधिक ठरते.

आपल्याकडे निराळी खोली नव्हती असे मात्र नाही. ती होती, परंतु मुलाची नव्हे, बाळंतिणीची. आणि तीत मायलेकरे एकत्रच असत. त्या बंद खोलीतील शेकशेगडीचा धूर अर्भकाच्या श्वसनास अपायकारक होता, हे येथे नमूद केलेच पाहिजे. पुढे बारशास मूल पाळण्यात घातले जाते. आईच्या अंगापासून मुलाचे पहिले अंतर पडते ते या पाळण्यामुळे, खोलीमुळे नव्हे. ते अंतर हातभराचे असते. सपाट तळाचा लाकडी पाळणा आईच्या बाजेशेजारी असला, त्यात मऊ उशा-गोधड्या कोंबलेल्या नसल्या आणि त्याची दोरी मुलाच्या हाताबाहेर राहिली, तर तो वर सांगितलेल्या सल्ल्याच्या अगदी जवळ येतो. जुन्या लुगड्याची झोळी मात्र तशी नाही. तीत पाठीला बाक येतो, हनुवटी छातीला टेकते व श्वासमार्ग दबू शकतो. दिवसभर निंदणी करून थकलेल्या आईच्या कुशीत, त्याच बाजेवर निजलेल्या मुलाचा धोका आणखी निराळा. रात्रीचे स्तनपान सुकर होते म्हणून ही पद्धत टिकून आहे, आणि जेम्स मॅकेना यांच्यासारखे मानवशास्त्रज्ञ तिच्या बाजूने बोलतात, हेही खरे.

मूल आईपासून खरोखर दूर होते ते पाठचे भावंड आल्यावर, आणि तेही बहुधा आजीच्या अंथरुणात. रिचर्ड श्वेडर व त्यांचे सहकारी यांनी भुवनेश्वर व शिकागो येथील कुटुंबांची तुलना १९९५ साली प्रसिद्ध केली. अमेरिकन कुटुंबात पतिपत्नींचा एकांत व मुलाचे स्वावलंबन या गोष्टींना मान होता. ओरिया कुटुंबात दुर्बलास एकटे न ठेवणे हे कर्तव्य मानले जाई. कारंजाच्या आजीस ही मीमांसा सांगण्याचे कारण पडणार नाही.

आता प्रश्नावलीकडे वळू. अवी सादेह यांच्या २००४ च्या बालनिद्रा-प्रश्नावलीत निराळ्या खोलीतील पाळणा, आईबापांच्या खोलीतील पाळणा, आईबापांचा बिछाना व भावंडाच्या खोलीतील पाळणा असे पर्याय आहेत. आजीची कूस ‘इतर’ या सदरात जाते. झोळी व लाकडी पाळणा एकाच खुणेखाली येतात, म्हणजे ज्या भेदावर मुलाचा श्वास अवलंबून आहे तोच पुसला जातो. या भागात क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने खोलीविषयी विचारण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : मुलाखाली काय अंथरले होते, शेजारी कोण होते, खोलीत धूर होता काय, आणि हे सारे वैशाखात व पौषात सारखेच होते काय.