चौकोनांची ओळख : आकाराकडून गुणधर्माकडे

सुरत शहरातील उधना–डिंडोलीलगतचा नवागाम हा परिसर म्हणजे एका अर्थाने खानदेशाचाच विस्तार होय. धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून कामधंद्याच्या निमित्ताने आलेली असंख्य कुटुंबे या भागात स्थायिक झालेली आहेत. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. साहजिकच येथील मुलाच्या कानांवर भूमितीच्या दोन परिभाषा पडतात. मराठीत ज्याला 'आयत' म्हणतात त्याला गुजरातीत 'लंबचोरस' हे नाव आहे. नावावरून आयत हा चौरसाचाच एक लांबट प्रकार असावा, अशी मुलाची समजूत झाल्यास नवल नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

ज्याचे चारही कोन काटकोन, तो आयत. चौरसाचेही चारही कोन काटकोनच असतात. म्हणून प्रत्येक चौरस हा आयत असतो. प्रत्येक आयत मात्र चौरस नसतो. हे वाक्य पाठ करून घेणे सोपे, पटवून देणे अवघड. 'चौरस हा आयत आहे' हे विधान चूक ठरविणारा विद्यार्थी आळशी नसतो; तो आकृतीकडे केवळ डोळ्यांनी पाहत असतो. तोच चौरस एका कोनावर उभा केला, की 'हा आता चौरस नाही' असेही तो सांगतो. पिएर व्हॅन हिले व दीना व्हॅन हिले-गेल्डॉफ या डच दांपत्याने १९५७ साली आपल्या प्रबंधांतून या अडचणीची मीमांसा केली. मूल प्रथम संपूर्ण आकार ओळखते, नंतर त्याचे गुणधर्म पाहते आणि त्यानंतरच एका गुणधर्माचा दुसऱ्याशी असलेला संबंध जाणते. पहिली पायरी गाळून तिसरीवर नेता येत नाही. खुद्द युक्लिडनेही आपल्या व्याख्यांत चौरस व आयत वेगवेगळे ठेवले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे मुलांवर रागावण्याचे कारण उरत नाही.

यासाठी खर्चिक साधने नकोत. पुठ्ठ्याच्या सारख्या लांबीच्या चार पट्ट्या टोकांशी टाचण्यांनी सैलसर जोडाव्यात. प्रथम चौरस करावा व हलकेच एका बाजूस रेटावा. बाजू त्याच राहतात, कोन बदलतात, चौरसाचा समभुज चौकोन होतो. दोरी सैल झालेल्या खाटेची चौकट कलते, ती याच कारणाने. केवळ चार बाजूंवरून चौकोन निश्चित होत नाही, हे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त बजावले आहे. कर्ण वा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यास त्यांनी पिशाच म्हणून संबोधले! त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. नवागामच्या अनेक मुलांचे मूळ गाव तेथून फार लांब नसेल.

पतंगाकृती चौकोनासाठी तर सुरतेत उत्तरायणाचा सणच पुरेसा आहे. उभ्या कामटीवर कागद दुमडला, की दोन्ही अर्ध एकमेकांवर तंतोतंत बसतात. लगतच्या बाजूंच्या दोन समान जोड्या मुलांच्या हाती येतात. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिराच्या घरचे मूल असेल, तर गोल 'ब्रिलियंट' हिऱ्याच्या माथ्यावर असे आठ पतंगाकृती पैलू असतात, हेही सांगावे.

खरी कसोटी वर्गीकरणाची. जमिनीवर दोरीची दोन वर्तुळे परस्परांना छेदतील अशी मांडावीत. एकात 'चारही कोन काटकोन' असलेल्या आकृती, दुसऱ्यात 'चारही बाजू समान' असलेल्या. कागदी आयत व समभुज चौकोन लगेच जागी पडतात. चौरस हाती आलेला विद्यार्थी मात्र अडखळतो, वर्गात वाद होतो. शिक्षकाने तेथे उत्तर सांगू नये. कोन व बाजू मोजावयास लावाव्यात. चौरस दोन्ही दोऱ्यांच्या सामाईक भागात ठेवावा लागतो, हे मुले स्वतःच शोधून काढतात. समलंब चौकोनाची व्याख्या निरनिराळ्या पुस्तकांत थोडी भिन्न आढळते. तेथे वर्गातील पाठ्यपुस्तक प्रमाण मानावे. भिंतीवरील तक्त्यात प्रत्येक आकृतीखाली मराठी व गुजराती ही दोन्ही नावे लिहावीत. पुढे माध्यम बदलणाऱ्या विद्यार्थ्यास त्यामुळे नव्या शब्दांपाशी अडावे लागत नाही.