पुंगळीच्या बुडातली टोपी

अकोट-तेल्हाऱ्याच्या शिवारात हरभरा घाट्यावर आला की रात्रीची जागल सुरू होते. रोह्यांचा कळप एका रात्रीत वावर तुडवून जातो आणि उरलंसुरलं रानडुकरं उकरून टाकतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातही तीच गत. या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढण्याची वऱ्हाडात जुनी रीत. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक वेगळी नोंदलेली आहे. अर्थात परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नाही. जनावरावर बार टाकायचा तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

नळीत दारू घालायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, आणि शेवटी मागच्या लहानशा पोकळ दांडीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी फुटते, तिची ठिणगी दारूपर्यंत जाते आणि बार उडतो. टोपी ओली निघाली, तर बाकी सगळं जागच्या जागी असूनही बार फुसका.

ही टोपी आली त्याच्या थोडं आधी वऱ्हाडाने मोठी लढाई पाहिली होती. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज लढली, तेव्हा बंदुका पेटत त्या चकमकीवर नाहीतर जळत्या तोड्यावर. पाऊस आला की दोन्हींची पंचाईत. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोरसाइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. पुढच्या काही वर्षांत ते रसायन तांब्याच्या टोपीत शिरलं. मग पितळी काडतूस आलं आणि टोपी बंदुकीवरून उतरून काडतुसाच्या बुडात जाऊन बसली. आज तिला प्रायमर म्हणतात. पुण्याजवळच्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो १८६९ साली, म्हणजे हे पितळी काडतूस नवंनवंच होतं तेव्हा. अकोल्याहून रेल्वेने भुसावळकडे गेलं की वरणगाव लागतं. तिथल्या कारखान्यात लष्करी रायफलींची काडतुसं बनतात.

उडालेल्या काडतुसाची पुंगळी उलटी करून पाहिली तर बुडाच्या मध्यभागी ही टोपी दिसते. व्यास जेमतेम साडेचार ते साडेपाच मिलिमीटर, म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढी. तिच्यावर खळगा असतो, तो बंदुकीच्या पिनेचा. पिनेने टोपी दाबली, आतलं मिश्रण टोपी आणि तिच्यामागची छोटी ऐरण यांच्यामध्ये चिरडलं गेलं, ज्वाळा भोकातून दारूत गेली. रायफलीच्या पुंगळीत त्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन-चार हजार किलोंच्या घरात दाब असतो. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेलं हे पितळ फुगून नळीला घट्ट चिकटतं, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरला की किंचित आकसून मोकळं होतं. म्हणून तर पितळ. पुंगळी धड राहते, मात्र टोपी एकदाच कामाची.

अमेरिकेत असंख्य नेमबाज पुंगळी घरीच पुन्हा भरतात. त्यांचं पहिलं काम ही जळकी टोपी काढण्याचं. पुंगळी साच्यात धरून तोंडातून पोलादी सुई खाली उतरवतात. ती बुडातल्या भोकातून जाते आणि टोपी खाली टपकते. मात्र हे जमतं ते ब्रिटिश लष्करातल्या एडवर्ड बॉक्सरच्या पद्धतीच्या पुंगळीत, कारण तिला मध्यभागी एकच भोक असतं. अमेरिकन हायरम बर्डनच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि भोकं दोन, तीही बाजूला. तिथे सुई अडते, वाकते किंवा मोडते. दोघांची पेटंटं १८६६ ची. ब्रिटिशाची पद्धत अमेरिकेत रुजली, अमेरिकनाची युरोप-आशियाच्या लष्करांत. एनसीसीच्या मुलांना चालवायला मिळते त्या पॉइंट टू टू रायफलीच्या काडतुसाला तर वेगळी टोपीच नसते. रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं, त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरायचा प्रश्न येत नाही. तरीही गोळीबार झाला की रेंजवर पुंगळ्या वेचून मोजून घेतात.

टोपी निघाली की मागे राहते ती काजळी, आणि तीत शिसं असतं. आधुनिक प्रायमरमध्ये बहुधा शिसं, बेरियम आणि अँटिमनी यांची संयुगं असतात. कोरड्या झाडूने ती धूळ उडवायची नाही, त्या जागी खायचं-प्यायचं नाही, लहान पोरांना तिथे येऊ द्यायचं नाही. या छंदातला सावकाश होणारा अपाय हाच, आणि त्याची वाच्यता फार कमी होते.

आपल्याकडे हा छंद घरी चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच मोडतात. परवान्याशिवाय दारूगोळा बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची, कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. ही कडक भूमिका मला योग्य वाटते आणि त्याचं एक कारण त्या टोपीवरच कोरलेलं असतं. प्रत्येक बंदुकीच्या पिनेचा खळगा सूक्ष्मदर्शकाखाली आपली खूण दाखवतो. गुन्ह्याच्या जागेचा पंचनामा करताना पोलीस पुंगळ्या जपून उचलतात त्या यासाठी. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तीच खूण संशयित बंदुकीच्या खुणेशी ताडून पाहतात, आणि हातावरच्या कणांत शिसं, बेरियम, अँटिमनी एकत्र सापडले की गोळीबाराचा माग लागतो. टोपी ठोकून काढून फेकली की खुणेतला मोठा भाग तिच्याबरोबर जातो.

वऱ्हाडातल्या घरांसाठी आणखी एक महत्त्वाचं. आजोबांच्या नावचा परवाना, आजोबा गेले, बंदूक कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही, पण माळ्यावरच्या डब्यात आठ-दहा काडतुसं निघतात. टोपीवर खळगा दिसला म्हणजे काडतूस मेलेलं, असं समजू नका. फुसक्या बारातही खळगा पडतो आणि रसायन जिवंत राहतं. खिळ्याने टोपी काढणं, विस्तवात टाकणं, पितळ म्हणून भंगारात देणं, यातलं काहीही जिवावर बेतू शकतं. भंगाराच्या भट्टीत न फुटलेली टोपी गेली तर तिथल्या मजुराचे डोळे जाऊ शकतात. परवानाधारक वारला की त्याच्या वारसांनी शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची तरतूद कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. डबा हलवण्याआधी ठाण्याला कळवावं आणि जमा केल्याची पावती मागून घ्यावी.