ऐकू येतंय, पण जात नाहीये?

हातात वॉकीटॉकी, स्क्रीनवर फ्रिक्वेन्सी बरोबर, समोरच्यांचे आवाज खणखणीत. आपण मात्र बटण दाबून हाका मारतोय आणि पलीकडून उत्तरच नाही! हॅम रेडिओत नवख्या असणाऱ्यांची ही नेहमीची रड. मग सगळे सेटला नावं ठेवतात. पण बऱ्याचदा सेट ठणठणीत असतो, चॅनल मात्र अर्धवट भरलेला असतो.

आधी रिपीटर समजून घेऊ. उंचावर बसवलेलं हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर आपलं बोलणं ऐकतं आणि त्याच क्षणी दुसरीवरून लांबवर पाठवतं. समजा, तो १४५.५०० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि १४४.९०० वर ऐकतो. आपल्या सेटने याच्या नेमकं उलट करायला हवं. हा ०.६०० चा फरक म्हणजे ऑफसेट. शिवाय अनेक रिपीटर्सना ठरावीक टोन लागतो. आवाजासोबत तो गेला नाही, तर रिपीटर आपल्याला ओळखतच नाही.

आता नवशिक्यांकडे हमखास दिसणारा बाओफेंग यूव्ही-५आर घ्या. क्रमाने तपासा:

१. सेट चॅनलऐवजी फ्रिक्वेन्सी मोडवर आणि वरच्या ओळीवर आहे ना?

२. मेनू १३ मध्ये टोन भरलाय का? मेनू ११ मधला, ऐकण्यासाठीचा टोन सुरुवातीला बंदच ठेवा.

३. चॅनल क्रमांक आधीच भरलेला असेल, तर मेनू २८ मधून तो रिकामा करा.

४. मेनू २७ मधून १४५.५०० सेव्ह करा. मग १४४.९०० टाइप करून त्याच क्रमांकावर पुन्हा सेव्ह करा. घोळ होतो तो इथेच! एकदाच सेव्ह केलं, तर सेट ऐकतो तिथेच बोलतो.

पडताळणी सोपी आहे. बोलायचं बटण दाबल्यावर आकडा १४४.९०० झाला पाहिजे. तो जागचा हलला नाही, तर चौथी पायरी पुन्हा करा.

हा नुसता छंद नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमानातून हॅम रेडिओवरूनच निरोप पोहोचवले होते. अशा वेळी मेनू शोधत बसायला सवड नसते. म्हणून चॅनल आधीच भरून, तपासून ठेवायचा.

आणि हो, ऐकून बघितलं तरी बटण दाबण्याआधी लायसन्स हवंच. वयाची अट फक्त १२ वर्षं आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेत मोर्स कोडही नाही. मग, कधी देताय परीक्षा?